चिवटबाबांची साठ आवर्तनं

माझ्या चाचणीच्या खोलीत चार माणसं मावतात. पाचवं आलं की कुणीतरी कपाटाला चिकटून उभं राहायचं, असा आमचा अलिखित नियम. त्या मंगळवारी सकाळी तिथे सदतीस माणसं होती. स्टोअरकीपर कपाटाच्या वर बसला होता. रिसेप्शनवरची बाई खिडकीच्या कठड्यावर पाय लोंबकळत सोडून. रखवालदार दारात होता, म्हणजे अंग आत आणि ड्युटी बाहेर. सगळ्यांचे डोळे माझ्या यंत्रावरच्या आकड्याला चिकटले होते, आणि आकडा चढत होता.

"तीस!" कुणीतरी कुजबुजलं.

"एकतीस!"

"बत्तीस! अहो, बत्तीस!"

तेहतिसाला खाट् करून धागा तुटला आणि असा जल्लोष झाला, की काय कोसळलं ते बघायला वरच्या मजल्यावरची माणसं खाली धावत आली. धागा तुटल्याचा एवढा आनंद मी चौदा वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

आनंदाचं कारण असं, की त्याच बॉबिनवरचा, म्हणजे रिळावरचा, आधीचा तुकडा एकोणतीस किलोला तुटला होता. मीच तोडला होता. मधल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट घडली होती. चिवटबाबांनी धाग्याला आशीर्वाद दिला होता.

आमच्या कारखान्यात प्लास्टिकपासून धागा बनतो. बादलीचं प्लास्टिक ज्या जातीचं, त्याच जातीचं हे. पण धागा असा, की सुतळीहून बारीक पदराला आठ-नऊ वर्षांचं पोर लटकलं तरी तुटू नये. पुढे शेजारच्या शेडमध्ये त्याचे दोर वळतात. माझं काम सोपं. प्रत्येक बॉबिनवरून अर्धा मीटर धागा घ्यायचा, त्याची दोन्ही टोकं यंत्राच्या जबड्यांत पकडायची, यंत्र चालू करायचं आणि धागा किती किलोला तुटतो ते लिहायचं. दिवसभर तोडतच असते, म्हणून सगळे मला तोडबाई म्हणतात. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरही कुणीतरी पेनने तेच लिहिलं होतं.

चिवटबाबांना आमच्या साहेबांनी आणलं. साहेब तसे हुशार, पण गेले वर्षभर आकडा एकोणतिसावर अडकून बसला होता आणि साहेबांची झोप उडाली होती. त्यात कुणीतरी सांगितलं, की एक महाराज आहेत, दुबळ्या वस्तूंना बळ देतात. झालं! दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या कफनीतले, पोट सुटलेले, मधाळ आवाजाचे बाबा माझ्या स्टुलावर येऊन बसले.

"धागा निर्जीव नाही, साहेब," बाबा म्हणाले. "धागा रुसलाय."

"रुसलाय?" साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

"यात अब्जावधी रेणू आहेत. आजवर एकाला तरी कुणी नावाने हाक मारली?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मारली नव्हती.

मग बाबांनी विधी केला. धाग्याचं एक टोक टेबलाच्या हुकाला बांधलं. दुसरं टोक एका पितळी कांडीला गुंडाळलं. धागा ताठ धरून बाबा ती कांडी चिमटीत फिरवायला लागले, आणि प्रत्येक फेऱ्याला एकेका रेणूला हाक. "ये बाळा सुदृढ! ये बाळा अभंग! ये बाळा अतूट!" अशी साठ आवर्तनं. मग त्यांनी बजावलं, "आता याला परक्या हाताचा स्पर्श नको." दोन्ही टोकं घट्ट धरून त्यांनी स्वतःच धागा यंत्राच्या जबड्यांत बसवला. पुढे काय झालं ते सांगितलंच. एकोणतिसाचे तेहतीस.

आणि मी खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मीही निमूट वहीत तेहतीस लिहिलं. यंत्र माझं होतं. आदल्याच आठवड्यात तपासून घेतलेलं होतं. आकडा खरा होता.

पुढच्या दहा दिवसांत कारखान्याचं जे झालं, ते बघून परका माणूस आल्या पावली परत गेला असता. साहेबांनी सूचनाफलकावर कागद लावला: धाग्याजवळ रागाने बोलू नये; बॉबिनला पाठ दाखवू नये; तुटलेल्या धाग्याची कर्मचाऱ्यांनी माफी मागावी. शेवटचं कलम माझ्यासाठीच होतं. दिवसाला साठ तुकडे तोडायचे आणि साठ वेळा "माफ कर हं" म्हणायचं.

जेवणाच्या सुट्टीत बाबांपुढे रांग लागायची. कुणी बुटाची नाडी आणली, कुणी पायजम्याची. रिसेप्शनवरच्या बाईने टेलिफोनची वायर आणली, कारण लाइन सारखी तुटायची. स्टोअरकीपर आपल्या सासऱ्यांना घेऊन आला. त्यांचं विसरणं वाढलं होतं. बाबांनी सासऱ्यांच्या शेंडीएवढ्या उरलेल्या केसांना कांडी गुंडाळली आणि साठ फेरे दिले. म्हातारा इतका किंचाळला, की त्याला त्या दिवशीचं सगळं लख्ख आठवतं. स्टोअरकीपरने हा गुण आल्याचा पुरावा मानला.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका दुपारी बाबा साहेबांबरोबर रुळांच्या शेडमध्ये गेले.

आमच्या धाग्याची सगळी किमया त्या शेडमध्ये आहे. प्लास्टिकची पूड गरम तेलात विरघळवून बारीक भोकांतून सोडतात. बाहेर येतो तो लिबलिबीत, बिनकामाचा धागा. तो गरम रुळांवरून ओढत नेतात. एक मीटर आत गेला, तर तीस मीटर बाहेर आला पाहिजे. प्लास्टिकच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात, न विंचरलेल्या केसांसारख्या गुंतलेल्या. ओढलं की त्या सरळ होतात, एकमेकींना खेटून एकाच दिशेने पडतात, आणि मग तोडायला गेलं तर दाद देत नाहीत. हे रूळ चालवतो तो आमचा ओढमामा. नात्याने कुणाचाच मामा नाही, पण वीस वर्षं ओढतोय.

बाबांनी रूळ पाहिले आणि छातीवर हात ठेवला. "अरे अरे! किती छळ हा! तीस पट ओढता?"

"ओढलं नाही तर ताकद कशी येणार?" ओढमामा म्हणाला.

"तुला कुणी तीस पट ओढलं तर तुझ्यात येईल?"

ओढमामाने रूळ चालूच ठेवले. साहेब मात्र गहिवरले. त्याच दिवसापासून ओढ तिसावरून आठावर आली. धागा जाड दिसू नये म्हणून वरून माल कमी सोडायचा हुकूम झाला. आणि हा नवा, न दुखावलेला सतरा नंबरचा लॉट माझ्याकडे चाचणीला यायची वेळ झाली, तेव्हा बाबांनी साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं.

साहेब माझ्या खोलीत आले. "तोडबाई, सतरा नंबर तोडायचा नाही."

"का साहेब?"

"चाचणी म्हणजे संशय. संशयाने आशीर्वाद उतरतो, असं बाबा म्हणतात. मी यंत्राची किल्ली माझ्याकडे ठेवतोय."

"आणि दोर झाल्यावर? दोर तरी ताणून बघायचा की नाही?"

"तोही नाही. बाबांनी सगळ्या बॉबिनांवरून हात फिरवलाय. दोर वळून झाला की थेट गिऱ्हाइकाकडे."

प्रमाणपत्रावर 'चाचणीचा आकडा' या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'गरज नाही.' त्याखाली गिऱ्हाइकाचं नाव होतं. ते मी दोनदा वाचलं. उंच इमारतींच्या काचा पुसणारी ती कंपनी होती. माझा नवरा तिथेच कामाला आहे. बाराव्या मजल्यावरून दोराला लटकायचं आणि काचा पुसत खाली यायचं, हा त्याचा धंदा. नवा दोर शुक्रवारी त्याच्याच अंगाला बांधायचा होता.

घरी जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "म्हणजे बाबांचा दोर मला मिळणार? वा!"

"वा काय? अरे, तो दोर कुणी तपासलेला नाही!"

"बाबांनी आशीर्वाद दिलाय ना? आकडा वाढला, तूच सांगितलंस की घरी येऊन."

"तो दुसरा धागा होता."

"हे बघ, तू जमिनीवर बसून धागे तोडतेस. मी वर लटकतो. बाराव्या मजल्यावर माणसाला कशावर तरी विश्वास लागतो."

"विश्वास तुला लागतो रे. तुझं वजन पेलायला दोर लागतो."

"मग सांग ना, तेहतीस कसा आला?"

त्याचं चुकत नव्हतं. मला माहीत नव्हतं. आणि जोवर ते सांगता येत नव्हतं, तोवर माझ्या 'बाबा भोंदू आहे' या म्हणण्याला चहाच्या कपाइतकंही वजन नव्हतं. दोघं फुगून बसलो. पण भांडण झालं तरी धुणं थांबत नाही. मोठी चादर एकट्याने पिळता येत नाही, म्हणून त्याने एक टोक धरलं, मी दुसरं. तो एका बाजूला फिरवत होता, मी दुसऱ्या बाजूला. पाणी निथळलं. सैल, फुगलेली चादर बघता बघता काठीसारखी कडक झाली.

मी फिरवायची थांबले.

"काय झालं?" तो म्हणाला.

"पीळ," मी म्हणाले. "अरे, तो मेला पीळ देतो!"

माझ्या हातातलं टोक सुटलं आणि चादर अंगणाच्या मातीत पडली. ती पुन्हा धुवावी लागली, त्यानेच धुतली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी कामाच्या वेळेआधी ओढमामाला गाठलं. यंत्राची एक जादा किल्ली त्याच्या अवजारांच्या पेटीत असते. जुन्या, तीस पट ओढलेल्या बॉबिनवरचा अर्धा मीटर धागा घेतला. एक टोक हुकाला, दुसरं पेन्सिलीला. साठ फेरे दिले. रेणूंची नावं मला ठाऊक नव्हती, म्हणून सतराचा पाढा म्हटला. दोन्ही टोकं न सोडता जबड्यांत बसवली. तेहतीस किलो! ओढमामाने केलं, त्याने शेजाऱ्याला शिव्या घालत फेरे दिले. साडेबत्तीस!

"शिव्यांना अर्धा किलो कमी पडतो," ओढमामा गंभीरपणे म्हणाला.

मग आम्ही सतरा नंबरचा धागा लावला. साधा, बिनपिळाचा. यंत्र जेमतेम चालू झालं आणि तो तुटला. आकडा होता नऊ.

 ओढमामाने किल्ली खिशात टाकली. "तोडबाई, साहेबांना आत्ता जाऊन सांगू."

"सांगून ऐकणार नाहीत. म्हणतील, तुमच्या संशयाने उतरला. सगळ्यांसमोर बाबांच्याच हातून झालं पाहिजे."

गुरुवारी सकाळी मी साहेबांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच नोकरीत गोड बोलले. "साहेब, माझी श्रद्धा बसली. पण मनात एक येतं. साठ आवर्तनांनी चार किलो वाढले. बाबांनी तीनशे आवर्तनं केली, तर वीस किलो नाही का वाढणार?"

साहेबांचे डोळे लकाकले. तासाभरात माझ्या खोलीत पुन्हा गर्दी. या वेळी सदतिसाच्या वर माणसं होती. मी मोजायचं सोडून दिलं. नवऱ्यालाही बोलावून घेतलं होतं. तो बाबांच्या बाजूला उभा राहिला, मुद्दाम.

"तीनशे?" बाबा जरा चपापले. "तसं... धाग्याच्या इच्छेविरुद्ध..."

"बाबा, धाग्याची इच्छा तुम्हालाच कळते," मी हात जोडले. "पण आमच्यासाठी!"

"तीनशे! तीनशे!" कपाटावरून स्टोअरकीपर ओरडला. सगळ्यांनी सूर धरला. बाबांना माघार घेता येईना. माझं जुनं बॉबिन पुढे केलं. हूक, कांडी, सगळं तेच.

"ये बाळा सुदृढ! ये बाळा अभंग!" साठापर्यंत आवाज दणदणीत होता. शंभराला नावं संपली आणि बाबा पहिल्यापासून सुरू झाले. दीडशेला घाम फुटला. दोनशेला "ये बाळा... ये बाळा... भेंडी" असं काहीतरी ऐकू आलं. अडीचशेला कांडी दुसऱ्या हातात गेली. तीनशे पूर्ण झाले तेव्हा धागा चिडलेल्या गांडुळासारखा वळवळत होता. जरा ढिला सोडला की स्वतःभोवतीच गाठी मारत होता. बाबांनी धापा टाकत तो जबड्यांत बसवला.

"आता पन्नास!" साहेब म्हणाले.

दहा. तेरा. सोळा. खाट्!

सतराचाही आकडा दिसला नाही. स्टोअरकीपर कपाटावरून खाली उतरला.

"आशीर्वाद जास्त झाला वाटतं," ओढमामा म्हणाला.

"दृष्ट!" बाबा गरजले. "इथे कुणीतरी संशयी आहे!"

"आहे ना, मीच," मी म्हणाले. "साहेब, आता दोन तुकडे बघा. पहिल्याला बाबांनी आशीर्वाद द्यायचा, हव्या तेवढ्या हाका मारायच्या, पण हात न लावता. दुसऱ्याला पेन्सिल लावून फेरे द्यायचे रिसेप्शनच्या बाईने, आणि तोंडाने टेलिफोन नंबर म्हणायचे."

बाबा नको नको म्हणत होते, पण लोक आता ऐकणार नव्हते. बाबांच्या हाका खाऊन पहिला तुकडा एकोणतिसाला तुटला. टेलिफोन नंबर ऐकलेला दुसरा तेहतिसाला. रिसेप्शनची बाई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. तिच्यामागे दोघंजण हात जोडायच्या बेतात होते, त्यांना मी दरडावलं.

"तिच्यात काही नाही! पीळ आहे पीळ! हा एक धागा दिसतो, पण त्यात शेकडो तंतू आहेत. काही ताठ, काही किंचित सैल. ओढला की ताठ असलेल्यांवर आधी सगळा भार येतो, ते तुटतात, मग उरलेल्यांवर. सगळे एकदम जोर लावतच नाहीत. थोडा पीळ दिला की तंतू एकमेकांना आवळतात आणि भार वाटून घेतात, म्हणून आकडा चार किलो वाढतो. पण फार पिळलं तर तंतू तिरके होतात. ओढ एका दिशेला आणि तंतू भलतीकडे. मग ताकद निम्मी."

"पण आकडा तर वाढला होता ना?" साहेब काकुळतीने म्हणाले.

"वाढला होता. फक्त त्या अर्ध्या मीटरचा. बॉबिनवरचा धागा होता तसाच होता. आणि त्या अर्ध्या मीटरच्या जोरावर तुम्ही ओढ आठावर आणलीत." मी सतरा नंबरचा तुकडा लावला आणि माझ्या नवऱ्याला पुढे बोलावलं. "बटण तूच दाब."

त्याने दाबलं. नऊ.

तो आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने खाली वाकून तुटलेलं टोक उचललं आणि बोटांत धरून पाहिलं. उद्या याच धाग्याच्या दोरावर तो बाराव्या मजल्यावरून पाय खाली सोडणार होता.  

"बाबा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही येता का उद्या माझ्याबरोबर वर? दोघं एकाच दोरावर लटकू."

बाबांनी कफनीची टोकं गोळा केली. "मला उंचीचा त्रास आहे," ते म्हणाले आणि दाराकडे सरकले. दारात रखवालदार होता. त्याने विचारलं, "पूर्वी काय करत होतात, बाबा?" खरं तर त्याला नोंदवहीत लिहायचं होतं. पण बाबा इतके गांगरले होते, की खरं बोलून गेले. "सुतळीचं दुकान होतं."

साहेबांनी त्याच दुपारी सतरा नंबरचा लॉट आणि त्याचा दोर परत मागवला आणि सगळ्यांसमोर कापायला लावला. सूचनाफलकावरचा कागद त्यांनी स्वतः काढला. मला म्हणाले, "तोडबाई, मी माफी मागतो." मी म्हटलं, "धाग्याची नको, यांची मागा," आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी मागितली. ओढमामाने रूळ पुन्हा तिसावर नेले. आकडा अजून एकोणतिसावरच आहे. तो वाढवायचा तर ओढ, उष्णता, तेल, सगळं एकेक करून बदलून बघावं लागेल. आम्ही बघतोय. वेळ लागेल.

शुक्रवारी माझा नवरा जुन्या, तपासलेल्या दोरावर लटकला. मी रजा टाकून खाली उभी होते. चौथ्या मजल्यावर आल्यावर त्याने काचेवर साबणाच्या फेसाने भला मोठा आकडा काढला, तेहतीस, आणि खो खो हसत पुसून टाकला.

अजूनही कुणी ना कुणी मला विचारतं, "पण बाई, आकडा डोळ्यांनी पाहिला होता आम्ही." पाहिलाच होता. मीही पाहिला होता. चमत्कार दाखवणारा फार क्वचित आकडा खोटा दाखवतो. आकडा खरा दाखवून तो कारण खोटं सांगतो. म्हणून माझं एवढंच मागणं आहे: डोळ्यांवर विश्वास ठेवा, पण तिथेच थांबू नका. त्या माणसाचा हात बाजूला करा आणि तीच गोष्ट पुन्हा करून बघा. मग दुसऱ्या कुणाच्या तरी हातून करून बघा. त्यासाठी शिकलेलं असावं लागत नाही, यंत्रही लागत नाही. लाज मात्र थोडी बाजूला ठेवावी लागते, कारण सगळे टाळ्या वाजवत असताना "थांबा, पुन्हा एकदा" म्हणायला लाज वाटते. तरीही म्हणा. खरी गोष्ट पुन्हा केली तरी खरीच राहते. खोटी असेल, तर तुम्ही टाळ्या वाजवत असताना तिच्या भरवशावर कुणाला तरी दोराला बांधत असतात.